तिची हजेरी तिच्याच नावाने लावा

फेब्रुवारी-मार्चात केशोरीला आलात, तर गाव दिसायच्या आधी मिरचीचा ठसका लागतो. अंगणात, खळ्यावर, जिथे ऊन पडेल तिथे लाल मिरची पसरलेली असते. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात धानाची शेती घरोघर आहे, पण केशोरीचे नाव बाजारात गेले ते मिरचीने.

या मिरचीच्या ढिगाशी बाया बसतात आणि दिवसभर देठ खुडतात. तोंडाला पदर बांधलेला, डोळे लाल, किलोमागे पैसे ठरलेले. तान्ह्या लेकराची एक आई मला दर हंगामात आठवते. घरी जायच्या आधी तिने राख लावून हात धुतले, मग साबणाने, मग पुन्हा राखेने. तरी दूध पाजताना लेकराच्या गालाला बोट लागले आणि ते किंचाळून रडले. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, तर तिच्या जागी दुसरी बसलेली. मालक वाईट माणूस नव्हता. बसलेल्या बाईला उठवू कसा, एवढेच तो म्हणाला.

त्याच ढिगाची पोती भरून, शिवून, काट्यावर चढवून गाडीत टाकणारे गडी असतात. त्यांची टोळी असते. दर पोत्यावर असतो आणि तो टोळीने मिळून ठरवलेला असतो. एखादा चार दिवस आजारी पडला तर टोळी त्याची जागा धरून ठेवते. हमालांसाठी महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या हमालांना एकत्र केले, त्या लढ्याचे ते फळ. ज्याच्या दारी ओझे उतरते त्याने मजुरीवर लेव्ही भरायची, ती माथाडी मंडळाकडे जमा होते आणि त्यातून हमालाला भविष्य निर्वाह निधी, रजेचे पैसे, बोनस मिळतो. माझ्या मते महाराष्ट्राने केलेल्या चांगल्या कायद्यांपैकी हा एक. पण त्यात मोजले गेले ते ओझे, आणि ओझे वाहणारा बहुतेक गडीच. ढिगाशी बसून देठ खुडणारीच्या डोक्यावर पोते नसते.

माणसाला कामावरून सहज काढता येऊ नये, आजारपणात-बाळंतपणात त्याची जागा जाऊ नये, काढलेच तर भरपाई मिळावी, यासाठी आपल्याकडे कितीतरी कायदे आहेत. ते असावेत, आणखी बळकट व्हावेत, असेच मला वाटते. पण एकच कायदा गड्याच्या खिशात एक टाकतो आणि बाईच्या पदरात दुसरेच, हे मी आमच्या बचत गटाच्या वह्या लिहिता लिहिता वीस वर्षे पाहते आहे. ते का होते हे आपल्या घराघरात कळले पाहिजे, म्हणून हे लिहायला बसले.

पहिले कारण साधे आहे. कायद्याचे छत हजेरीपटावर नाव असलेल्या माणसाच्या डोक्यावर असते. केशोरीसारख्या गावात असे छत कोणावर आहे? शिक्षक, वनरक्षक, पोलीस, बँकेतला माणूस. शाळेत आता शिक्षिकाही आहेत, हे चांगलेच झाले. पण गावात पगारासाठी राबणाऱ्या बाकीच्या बाया कोण? आशाताई, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस, शाळेत पोषण आहार शिजवणारी बाई. यांना मिळते ते मानधन, कागदोपत्री तो पगार नाही. आशाची योजना २००५ साली आली ती स्वयंसेविका या नावाने. रात्री दोन वाजता बाळंतिणीला घेऊन दवाखान्यात जाणारी बाई सरकारी हिशेबात अजून स्वयंसेविकाच आहे. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितले. अंगणवाड्या सुरू झाल्या १९७५ साली. हे ऐकायला किती जणींची हयात गेली ते मोजा.

दुसरे कारण जरा आत जाऊन पाहावे लागते, आणि मला त्यावरच जास्त बोलायचे आहे.

मुंबईच्या कापडगिरण्यांत १९२०च्या दशकात दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. सूत गुंडाळायच्या खात्यांत त्या जास्त असत, आणि दिवस भरत आले तरी यंत्रापाशी उभ्या असत. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. त्यांचा मुद्दा असा होता: आईला विसावा मिळणे हे सगळ्या देशाच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलायला हवा, पण बाईच्या कामाचा फायदा मालक घेतो, म्हणून त्यालाही हात झटकता येणार नाहीत. १९२९ साली कायदा झाला, देशातला तसा पहिलाच. मात्र त्यात पैसे द्यायचे ते मालकाने एकट्याने.

मग मालकाने मालकासारखा हिशेब केला. बाई ठेवली तर भत्ता, गडी ठेवला तर काही नाही. बायांना रात्रीच्या कामाची बंदी त्याआधीपासूनच होती. तीही त्यांच्या भल्यासाठीच घातलेली. पण गिरणी रात्री चालू लागली की ती सगळी पाळी आपोआप पुरुषांची झाली. गिरण्यांत नवी यंत्रे आली, खात्यांची फेरमांडणी झाली, त्यातही बायांचीच कामे जास्त गेली. सगळा दोष कायद्यावर टाकणे चुकीचे होईल. पण हे सगळे एकत्र येऊन झाले असे, की १९८२च्या संपापर्यंत गिरणीत बाई क्वचितच उरली होती. गिरणीत कायम असलेल्या पुरुषाची मजुरी संघटनेच्या जोरावर वर गेली. गिरणीतून बाहेर पडलेल्या बाईने खानावळ घातली, पापड लाटले, भाजी विकली.

बाबासाहेब १९५४ साली आमच्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. गोंदिया जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता, तो १ मे १९९९ रोजी झाला; केशोरी भंडारा जिल्ह्यातच होती. आपल्या भागाने तेव्हा त्यांना निवडून दिले नाही. १९२८ मधला त्यांचा मुद्दा तरी आपण आता पदरात घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

कारण तो मुद्दा आजही सुटलेला नाही. बाळंतपणाच्या लाभाचा केंद्राचा मूळ कायदा १९६१ सालचा. २०१७ साली त्यात पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांची झाली, दोन मुले आधीच असतील तर बारा. आता हा हिशेब एखाद्या दुकानदाराच्या बाजूने करून पाहा. पंधरा हजारांच्या जागेसाठी एक मुलगा आला आणि एक मुलगी. शिकलेली दोघे सारखीच. मुलीचे लग्न नुकतेच झालेले. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने, म्हणजे नव्वद हजार रुपये काम न होता द्यायचे, शिवाय तेवढ्या दिवसांसाठी दुसरे माणूस शोधायचे. हा दुकानदार बहुतेक वेळा दोनपैकी एक करतो. मुलीला घेतच नाही, किंवा बारा हजारांवर घेतो आणि मुलाला पंधरा देतो. म्हणजे मुलीच्या रजेचे पैसे मुलगीच आधीपासून महिन्याच्या महिन्याला भरत असते, आणि तिला ते कळतही नाही. जिला मूल होणारच नाही, जिची मुले मोठी झाली आहेत, तीही भरत असते, कारण मालक तिचा इतिहास विचारत बसत नाही. बाई आहे, एवढेच तो पाहतो.

हे मी मनाने रचून सांगत नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांनी १९७०च्या दशकात नोकरीच्या आरोग्य विम्यात बाळंतपणाचा खर्च धरण्याची सक्ती केली. जोनाथन ग्रुबर या अर्थतज्ज्ञाने नंतर पाहिले, तर तो खर्च बऱ्याच अंशी मूल होण्याच्या वयाच्या विवाहित बायांच्याच पगारातून वळता झालेला. चिली देशाची गोष्ट तर आपल्याला अधिक जवळची आहे. तिथे कायदा असा, की वीस किंवा जास्त बायका कामाला असतील तर मालकाने त्यांच्या दोन वर्षांखालच्या लेकरांच्या पाळणाघराचा खर्च द्यायचा. अभ्यासकांनी हिशेब मांडला तेव्हा अशा ठिकाणी नव्याने लागलेल्या बायांचा सुरुवातीचा पगार ९ ते २० टक्क्यांनी कमी निघाला.

आपल्याही १९४८च्या कारखाना कायद्यात तसेच कलम होते. तीसपेक्षा जास्त बायका असतील तर पाळणाघर. ज्याला पाळणाघर नको, त्याने तिसावर थांबावे. लेकरू काय फक्त आईचे असते? २०१७च्या दुरुस्तीने बाळंतपणाच्या कायद्यात पाळणाघराचे माप ‘पन्नास कामगार’ असे ठेवले, मग ते गडी असोत की बाया. त्यामुळे एक बाई जास्त घेतली म्हणून पाळणाघर बांधावे लागेल, ही भीती राहत नाही. कायद्यातला एक शब्द बदलला की बाईची किंमत बदलते, ती अशी.

आणि सव्वीस आठवड्यांच्या पगाराचे? त्यावरही वाट आहे, आणि ती आपल्याच देशात १९४८ पासून आहे. राज्य कामगार विमा, ज्याला सगळे ईएसआय म्हणतात. जिथे तो लागू आहे, तिथे दहा किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेत महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्या प्रत्येकामागे मालक सव्वातीन टक्के भरतो आणि कामगार पाऊण टक्का. गड्यामागेही तेवढेच, बाईमागेही तेवढेच. बाळंतपणाच्या रजेचे पैसे त्या निधीतून येतात, मालकाच्या गल्ल्यातून नाही. तिथे बाई ठेवली काय आणि गडी ठेवला काय, मालकाला सारखेच पडते. शंभर घरांनी मिळून एक विहीर खणावी तसे हे आहे. पाणी ज्याला ज्या दिवशी लागेल त्याने भरावे, आणि कुणी कुणाला तू जास्त पितोस म्हणू नये.

बिडीची गोष्ट आमच्या भागाला कुणी बाहेरून येऊन सांगायला नको. तेंदूची पाने आमच्या जंगलातली आणि बिड्या वळणारे हातही आमचेच. १९६६ साली बिडी कामगारांसाठी चांगला कायदा झाला. कामाचे तास, पगारी रजा, बाळंतपणाचा लाभ, सहा महिने काम केलेल्याला नोटीस दिल्याशिवाय काढायचे नाही. घरी बसून बिड्या वळणारीही त्या कायद्यात कामगारच होती. मालकांनी त्याला आव्हान दिले, १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. पण तोवर काय झाले ते पाहा. केरळात कन्नूरकडे एका मोठ्या बिडी कंपनीने कायदा नको म्हणून आपले कारखानेच बंद केले. काम गेलेल्या कामगारांनी १९६९ साली दिनेश बिडी ही सहकारी संस्था काढली आणि ती चालवून दाखवली. बाकी देशात काम कारखान्यातून उठले आणि घराच्या ओसरीवर गेले. कारखान्यात गडी होते. ओसरीवर बाया आल्या, सोबत मुलीही. मध्ये सट्टेदार उभा राहिला. पाने-तंबाखू तो देणार, हजार बिड्यांमागे पैसे तो देणार आणि छाट म्हणून किती बिड्या फेकायच्या तेही तोच ठरवणार.

माझ्या ओळखीची एक म्हातारी आहे. चाळीस वर्षे बिड्या वळल्या. तिच्या उजव्या अंगठ्याचे नख आता वाढतच नाही. भविष्य निर्वाह निधीचे पैसे मागायला मी तिच्यासोबत गेले तेव्हा कळले, कार्ड तिच्या दिराच्या नावावर. पहिल्या दिवशी माल आणायला तो गेला होता, म्हणून नाव त्याचे लागले. दीर वारला होता. त्याच्या मुलांना पैसे मिळाले. त्यांनी काही वाईट केले असे मी म्हणत नाही, कागद तसाच होता. म्हातारी माझ्याकडे पाहून म्हणाली, “मंग मी इतके वर्स काय केलो वं ताई?”

कायदा तिच्या बाजूने होता. फक्त कागदावर ती नव्हती.

आता आपल्याकडे कायद्यांची नवी मांडणी झाली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतल्या काही गोष्टी बायांच्या कामाच्या आहेत. प्रत्येक कामगाराला नेमणुकीचे पत्र दिलेच पाहिजे. सारख्या कामाला सारखी मजुरी, हे १९७६च्या कायद्याचे कलम नव्या वेतन संहितेतही आहे आणि कामावर घेतानाही बाई-पुरुष असा भेद करता येत नाही. ठरावीक मुदतीच्या नोकरीत एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी. मात्र दुसरीकडे, कामगार कमी करताना सरकारची परवानगी घ्यायची अट पूर्वी शंभर माणसांच्या कारखान्याला होती, ती आता तीनशेंवर गेली. कुणी म्हणते यातून नोकऱ्या वाढतील, कुणी म्हणते पक्की नोकरीच संपेल. मला विचाराल तर केशोरीच्या बाईला तीनशेच्या कारखान्यात जागाच नव्हती. तिचा प्रश्न नेमणुकीच्या पत्राचा आहे, आणि ते पत्र हातात येते की नाही, हे आपल्या मागण्यावर आहे.

रोजगार हमीचेही सांगितले पाहिजे. ही योजना १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रानेच देशाला दिली. वि. स. पागे यांनी ती मांडली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. केंद्राचा कायदा २००५ सालचा. त्यात बाईला आणि गड्याला एकच दर. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात तो दिवसाला ३१२ रुपये होता. आमच्याकडे रोवणीला बाया दिवसभर चिखलात वाकून असतात आणि तरी त्यांची रोजी गड्यापेक्षा शंभर-दीडशेने कमी धरायची रीत आहे. हमीचे काम चालू असले की त्याच बाया शेतमालकाला सांगू शकतात, तिकडे एवढे मिळते, तुम्ही किती देता? भांडण न करता रोजी वाढायची. ही वाढ बायांच्या मजुरीत गड्यांपेक्षा जास्त झाली, असे देशभरातल्या अभ्यासांत दिसले आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा केला. त्यात १२५ दिवसांची हमी आहे, पण पेरणी-कापणीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवायची तरतूदही आहे. म्हणजे रोवणीच्या ऐन दिवसांत बाईच्या हातातला तो आधार निघून जाऊ शकतो. ते साठ दिवस कुठले धरले जातील, याकडे ग्रामसभेत बसणाऱ्या प्रत्येक बाईने लक्ष ठेवावे.

तर बायांनो, माझे पहिले मागणे तुमच्याकडे. जिथे काम कराल तिथे हजेरी स्वतःच्या नावाने लावा. परवा एक रेजा फॉर्म भरायला आली. बांधकामावर विटा-रेती वाहते. मी नाव विचारले, तर म्हणाली, “माह्या नावानं कायले ताई, आमच्या घरच्याच्या नावानं लिवा ना.” का, तर घरचा रागावेल म्हणून नाही, तिला वाटले, कागद हा गड्याचाच असतो. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला असेल तर राज्याच्या बांधकाम कामगार मंडळात तिची स्वतःची नोंद होते आणि बाळंतपणापासून मुलांच्या शिक्षणापर्यंत मदत मिळते. नवऱ्याने नव्वद दिवस केले असतील तर त्याचीही होते. एकाच्या नावात दुसरे मावत नाही.

ज्या मुली नागपूरला, बुटीबोरीला, पुण्याला कामाला जातात, त्यांनी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम झाले असेल तर रजेचा हक्क लागतो. रजा सव्वीस आठवड्यांची. त्या रजेत कामावरून काढणे बेकायदा आहे. आणि आपल्याकडे सलग सेवा धरण्यासाठी वर्षात जे २४० दिवस मोजतात, त्यात बाळंतपणाची पगारी रजाही धरली जाते. रोजंदारीवर आहे म्हणून हक्क नाही, असे कुणी सांगितले तर मान डोलावू नका. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावर काम करणाऱ्या बायांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने २००० साली निकाल दिला आहे की रोजंदारीच्या बाईलाही ही रजा मिळाली पाहिजे. आणि रजेच्या मध्येच कंत्राट संपले तरी लाभ तोडता येत नाही, असे २०२३ साली याच न्यायालयाने सांगितले. मुलाखतीत कुणी विचारले, लग्न केव्हा, मूल केव्हा, तर कामाचे बोला. त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला तुम्ही बांधलेल्या नाही.

दादांनो, तुम्हालाही सांगायचे आहे. हे तुमच्या विरुद्ध नाही. तुमच्या घरात येणारा निम्मा पैसा यात अडकला आहे. आमच्या भागातून मिरची तोडायला तेलंगणात जोड्या जातात. जाताना ठेकेदाराशी बोलणी तुम्ही करता, आगाऊ रक्कम तुमच्या हातात येते. तिची मजुरी वेगळी लिहून घ्या. बीडच्या ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल नवऱ्याच्या नावावर, आणि एक दिवस खाडा पडला तर दंड. पाळीच्या दिवसांतही खाडा नको म्हणून तिथल्या कितीतरी तरुण बायांनी गर्भाशय काढून घेतल्याचे २०१९ साली सगळ्यांसमोर आले, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. जिथे बाईचे वेगळे नाव नाही, तिथे तिच्या अंगाचेही वेगळे दुखणे धरले जात नाही.

क्लॉडिया गोल्डिन या अमेरिकन विदुषींना २०२३ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. दोनशे वर्षांच्या नोंदी चाळून त्यांनी दाखवले की सारखे शिकलेल्या, सारखे काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या कमाईत आज जी फूट पडते ती मुख्यतः पहिले मूल झाल्यावर. आपल्या गावात हे कळायला नोबेल लागत नाही हे खरे, पण कुणीतरी इतके कष्ट घेऊन मांडले म्हणून आता नाकारता तर येणार नाही. लेकरू आजारी पडले की घरी कोण थांबते? दर वेळी तीच थांबत असेल, तर मालक उद्या तिच्या जागी दुसरी बसवणारच. एक दिवस ती, एक दिवस तुम्ही, असे झाले तर मालकाला बाई आणि गडी सारखेच भरवशाचे वाटतील. कुठल्याही कायद्याने एवढे काम होत नाही जेवढे यातून होईल. सासूबाईंनाही हात जोडून सांगते, सुनेच्या लेकराला चार तास सांभाळले तर तो तिच्यावर उपकार नाही, घरात आलेली रोजी आहे.

आणि जे आपल्या गावात चार माणसे कामाला ठेवतात, दुकानवाले, राईस मिलवाले, मिरचीचे व्यापारी, त्यांना विनंती. तुमच्याकडे बाई तीन महिने आली नाही तर तुमचे नुकसान होते, हे मी मानते. ते एकट्याने सोसा, असे मी म्हणणार नाही. पण ज्यांना विमा लागू होतो त्यांनी तो लपवू नये, माणसे नऊ दाखवून दहावे वहीबाहेर ठेवू नये. आणि मिरचीच्या हंगामात तुम्ही सगळ्यांनी मिळून पोत्यामागे थोडी रक्कम बाजूला काढली, तर ज्या बाईचे दिवस भरले आहेत तिला दोन महिने घरी बसता येईल आणि परत आल्यावर तिची जागा तिला मिळेल. माथाडी मंडळ याच रीतीने चालते. हमालासाठी जे जमले ते देठ खुडणारीसाठी का जमू नये? ग्रामसभेत हा विषय मी मांडणार आहे. हमीच्या कामावर सहा वर्षांखालची पाच लेकरे असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई मजुरीवर ठेवायची, अशी तरतूद २००५च्या कायद्यात होती. ती आपल्याकडे कितीदा पाळली गेली, हेही त्याच सभेत विचारू.

त्या रेजेचे नाव मी शेवटी तिच्याच नावाने लिहिले. दाखला यायचा आहे. पुढच्या सोमवारी सकाळी मी पुन्हा वही घेऊन अंगणात बसणार आहे. येताना आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि गेल्या वर्षात ज्यांच्याकडे काम केले त्यांची नावे घेऊन या. कुणाकडे किती दिवस, ते आठवेल तसे कोळशाने भिंतीवर लिहून ठेवले तरी चालेल, आपण वहीत उतरवून घेऊ. लेकरांना सोबत आणा. त्या दिवशी अंगणात मिरची नसेल.